‘धर्मादाय’ पाटी आणि कॉर्पोरेट पाटी: बिल सारखंच, मग फरक कुठे मुरतो?

पेणकर (धागालेखक)

नमस्कार मंडळी. शहरात एकाच रस्त्यावर दोन मोठी रुग्णालयं असतात. एकाच्या पाटीवर सार्वजनिक न्यासाचा नोंदणी क्रमांक, दुसऱ्याचा भाव रोज शेअर बाजारात लागतो. एकाच शस्त्रक्रियेचं अंदाजपत्रक दोन्हीकडे मागितलं तर आकडे चुलतभावांसारखे दिसतात. मग ‘ना नफा’ म्हणजे नक्की काय? न्यासाला ज्या सवलती मिळतात त्या रुग्णापर्यंत कुठल्या नळातून पोचतात, की मध्येच झिरपतात?

प्रश्न हवेत राहू नये म्हणून एक उदाहरण धरू. घरात केशरी शिधापत्रिका, वार्षिक उत्पन्न २ लाख ९० हजार, बायपास सांगितली आहे, पण आजच्या आज करायची घाई नाही. या घरानं आधी कुठलं दार ठोठवावं?

भावनिक पोस्टी नकोत, आकडे द्या.

---

जमाखर्च

पहिला गैरसमज काढू. न्यासाला नफा होऊ शकतो, बक्कळ होऊ शकतो. मनाई आहे ती वाटण्याला. कंपनीत शिल्लक राहिली की भागधारकांना लाभांश देता येतो. न्यासात ती उद्दिष्टावरच खर्च करावी लागते. १९६१ च्या आयकर कायद्यानं घातलेली अट अशी, की उत्पन्नाच्या किमान ८५ टक्के रक्कम त्याच वर्षी उद्दिष्टावर लावा, उरलेले १५ टक्के साठवा. ८५ टक्के जमत नसेल तर कारण लिहून देऊन पाच वर्षांपर्यंत रक्कम बाजूला ठेवता येते.

गंमत पुढे आहे. भांडवली खर्चसुद्धा ‘उद्दिष्टावर लावलेला’ धरला जातो. नवी इमारत, कॅथलॅब, रोबो, सगळं. त्यामुळे ज्याच्याकडे भरपूर शिल्लक पडते त्या न्यासासमोर दोन वाटा असतात: दर कमी करा किंवा आणखी एक मजला चढवा. दर कमी केले तर फोटो निघत नाही.

---

तिरकीट

म्हणजे नफा आहेच, फक्त तो सिमेंटमध्ये दिसतो.

---

जमाखर्च

@तिरकीट, आणि कधीकधी सिमेंटमध्येही दिसत नाही. प्रयोगशाळा, औषधांचं दुकान, एमआरआय हे एका वेगळ्या खासगी कंपनीला चालवायला दिलेलं असतं आणि त्या कंपनीत विश्वस्तांचे नातेवाईक असतात. न्यासाच्या वह्या स्वच्छ, मलई शेजारच्या दारात. १९६१ च्या त्या आयकर कायद्याच्या कलम १३ मध्ये यालाच बोट लावलेलं आहे: विश्वस्त आणि त्यांच्या जवळच्यांना फायदा झाला तर करमाफी धोक्यात येते. पण भाडं किंवा दर ‘बाजारभावाप्रमाणे’ आहे हे कागदावर दाखवणं अवघड नसतं. म्हणून न्यासाचा ताळेबंद वाचताना मी आधी संबंधित पक्षांशी झालेले व्यवहार बघतो, देणग्यांचं पान नंतर.

---

मधुमालती

पेणकर, सवलतीचा नळ तुम्ही विचारलात. महाराष्ट्रात तो नळ कायद्यानं बसवलेला आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०, कलम ४१ कक. वर्षाचा खर्च ५ लाखांच्या वर आहे आणि शासनाकडून किंवा पालिकेकडून जमीन, चटईक्षेत्र, करमाफी असं काही घेतलंय अशा न्यासाच्या रुग्णालयाला १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. अशी रुग्णालयं राज्यात चारशेच्या वर आहेत. कलम बरीच वर्षं कागदावर होतं. मुंबई उच्च न्यायालयानं १७ ऑगस्ट २००६ च्या आदेशानं त्याची योजना ठरवून दिली. आजही सगळं तिच्यावरच चालतं.

योजनेचे दात असे:

प्रत्येक रुग्णालयानं ‘निर्धन रुग्ण निधी’ म्हणून वेगळं बँक खातं उघडायचं आणि इतर रुग्णांच्या एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम कुठलीही वजावट न करता त्यात टाकायची.

निर्धन म्हणजे वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत, दुर्बल म्हणजे ३ लाख ६० हजारांपर्यंत. तुमचं उदाहरण दुर्बल घटकात बसतं.

खाट, निवासी डॉक्टर, परिचर्या, चादरी, पाणी, वीज, नेहमीच्या तपासण्या, रुग्णालय देत असेल तर जेवण, या गोष्टींचं बिल लावायचंच नाही. ज्यांचं बिल लागतं त्या सेवा त्या रुग्णालयातल्या सर्वांत खालच्या वर्गाच्या दरानं. औषधं, वापरून टाकायच्या वस्तू, इम्प्लांट हे रुग्णालयाच्या खरेदीच्या किमतीत. ही खरेदीची किंमत नीट लक्षात ठेवा. निर्धन रुग्णाचा हा खर्च निधीतून जातो, दुर्बल घटकातल्या रुग्णानं औषधं-वस्तूंचे किमान निम्मे भरायचे. डॉक्टरांनी आपली फी सोडावी अशीही अपेक्षा आहे.

आणि तातडीचा रुग्ण असेल तर अनामत मागायची नाही. आधी दाखल करून घ्या, जीव स्थिरावेपर्यंत उपचार करा, मग पुढचं. लागलं तर सरकारी रुग्णालयात हलवण्याची गाडीही रुग्णालयानंच बघायची.

---

सदाशिव_पेठी

अनामत मागायची नाही हे २००६ पासून आहे? मग एप्रिल २०२५ मध्ये पुण्यातल्या दीनानाथ मंगेशकर रुग्णालयातल्या अनामतीच्या प्रकरणानंतर धर्मादाय आयुक्तांना ते पुन्हा बजावावं का लागलं?

---

मधुमालती

कारण ‘तातडीचा’ कोण हे ठरवणारा माणूस आणि अनामत मागणारा काउंटर एकाच छताखाली असतात. वैद्यकीय अधिकाऱ्यानं केसपेपरवर ‘तातडीचा’ असं लिहिलं नाही तर काउंटरला तो नियोजित रुग्णच दिसतो. म्हणून व्यवहारात करायचं ते इतकंच: अपघात विभागातल्या डॉक्टरांकडून रुग्णाच्या स्थितीची नोंद वेळेसह लेखी घ्या. तोंडी भांडणाला पुरावा उरत नाही.

---

कासवगती

खरेदीच्या किमतीवरचा तुमचा जोर अगदी बरोबर जागी आहे. बाकी रुग्णांना, मग रुग्णालय न्यासाचं असो की कंपनीचं, औषधं आणि वस्तू छापील किमतीला लागतात. ही छापील किमतच फुगवलेली असते. कारण खरेदीदार रुग्णालय आहे, रुग्ण नाही. जास्त छापील किंमत असलेला माल रुग्णालयाला परवडतो. बाजारात स्पर्धेनं किंमत खाली येते, इथे स्पर्धेनं वर जाते. राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणानं २०१८ च्या फेब्रुवारीत दिल्ली परिसरातल्या चार खासगी रुग्णालयांची बिलं तपासली तेव्हा काही वस्तूंवरचं मार्जिन १७३७ टक्क्यांपर्यंत निघालं होतं. सिरिंज, कॅन्युला, थ्री-वे असल्या मालावर हे चालतं. कोणी सिरिंजवर वाद घालत बसत नाही.

स्टेंटचं उलट झालं. २०१७ मध्ये औषध सोडणाऱ्या स्टेंटची (हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या जाळीची) कमाल किंमत २९,६०० रुपये ठरली, २०१८ मध्ये ती २७,८९० वर आणली, पुढे घाऊक किंमत निर्देशांकाप्रमाणे वाढत गेली. बिलात स्टेंट स्वतंत्र ओळीत, कंपनी, नाव आणि बॅच क्रमांकासह दाखवणं सक्तीचं आहे. खोक्यावरचा स्टिकर फाइलीत चिकटवलेला असतो. डिस्चार्जआधी तो बिलाशी ताडून बघा, दोन मिनिटं लागतात.

---

तिरकीट

फुगा एकीकडे दाबला की दुसरीकडे फुगतो. स्टेंट स्वस्त झाला, मग त्याच अँजिओप्लास्टीतल्या बलून आणि गाइडवायरनं मान वर काढली.

---

दवाखानेवाला

चर्चा नेहमीप्रमाणे न्यास विरुद्ध कॉर्पोरेट अशी दोन हत्तींची चालू आहे. गावोगावी पंधरा-वीस खाटांची डॉक्टरांची स्वतःची जी रुग्णालयं आहेत त्यांचं काय? तीही ‘नफ्याची’च. त्यांना जमीन सवलतीत मिळत नाही, करसवलतीची देणगी येत नाही, कर्ज व्यापारी दरानं. तरीही प्रसूती, हर्निया, अपेंडिक्स यांचे दर तिथे मोठ्या न्यासाच्या रुग्णालयापेक्षा कमी असतात. कारण मालक स्वतः शस्त्रक्रिया करतो, स्वागतकक्षात संगमरवर नसतो आणि विपणन विभाग म्हणजे गावातली बोलाचाली. धर्मादाय सवलत हवीच असेल तर ती खाटेला द्या, संस्थेच्या प्रकाराला नको.

---

जमाखर्च

@दवाखानेवाला, अर्धा सहमत. छोट्याचा दर कमी हे खरं, पण छोट्याकडे अतिदक्षता विभाग नसतो, रात्री भूलतज्ज्ञ बोलवावा लागतो, गुंतागुंत झाली की रुग्ण मोठ्याकडे जातो आणि महागडे दिवस मोठ्याच्या खात्यात पडतात. दर तोलताना हे धरावं लागतं. शिवाय ‘रेफर’चा व्यवहार. पाठवणाऱ्याला टक्का मिळतो तो रुग्णाच्याच बिलातून. २०१७ मध्ये राज्य सरकारनं कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा करायला समिती नेमली, मसुदा तयार झाला, कायदा झाला नाही.

---

दवाखानेवाला

कट सगळेच देत-घेत नाहीत. आणि देणारा कोण? रेफर मिळवायला टक्का मोजणारा मोठाच ना. त्यात पाटी धर्मादाय आहे की कॉर्पोरेट हे कोणी बघत नाही.

---

न्यूजर्सीकर

अवांतर, पण उपयोगी पडेल. अमेरिकेतही बहुसंख्य सामुदायिक रुग्णालयं ना-नफा आहेत आणि तिथेही बिल बघून डोळे पांढरे होतात. २०१० च्या आरोग्यविमा सुधारणा कायद्यानं ना-नफा रुग्णालयांना काही अटी घातल्या: आर्थिक मदतीचं धोरण लेखी आणि जाहीर हवं, मदतीला पात्र असलेल्याकडून विमाधारकांच्या सरासरी दरापेक्षा जास्त घ्यायचं नाही, पहिल्या बिलानंतर १२० दिवस कडक वसुली नाही, मदतीचा अर्ज २४० दिवसांपर्यंत करता येतो. मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे त्यांचं वार्षिक कर-विवरणपत्र जगजाहीर असतं. धर्मादाय उपचारांवर किती खर्च केला त्याची वेगळी पुरवणी, वरच्या अधिकाऱ्यांचे पगार नावासकट. बसल्या जागी वाचता येतं.

आपल्या दोन टक्क्यांच्या खात्याचा जमाखर्च कुठे वाचता येतो?

---

मधुमालती

दर महिन्याला रुग्णालयानं तो धर्मादाय आयुक्तांकडे पाठवायचा असतो. रिकाम्या राखीव खाटा आयुक्तांच्या संकेतस्थळावर दिसाव्यात अशी सोयही केलेली आहे. आकडे ताजे असतील याची हमी मात्र माणसावर. संकेतस्थळावर ‘चार रिकाम्या’ आणि काउंटरवर ‘एकही नाही’ असं झालं तर पडद्याचा फोटो तारीख-वेळेसह काढा आणि रुग्णालयाच्या समाजसेवा अधीक्षकांकडे लेखी अर्ज द्या. नकार लेखी मागा. लेखी नकार द्यायची वेळ आली की बऱ्याचदा खाट सापडते.

---

कासवगती

‘निधी संपला’ हे उत्तर सगळ्यात जास्त ऐकू येतं. ते खोटंच असतं असं नाही, गणित करून बघा.

२०० खाटांचं रुग्णालय, इतर रुग्णांचं वर्षाचं बिल १०० कोटी धरा. दोन टक्के म्हणजे २ कोटी. निर्धनांच्या २० खाटा वर्षभर ७५ टक्के भरलेल्या राहिल्या तर ५,४७५ खाट-दिवस होतात. म्हणजे दर खाट-दिवसाला सुमारे ३,६५० रुपये. दुर्बल घटकाच्या आणखी २० खाटांचं निम्मं ओझं याच निधीवर टाकलं तर हाच आकडा अडीच हजारांच्या आत येतो. साध्या तापाला पुरेल. हृदय शस्त्रक्रिया, कर्करोग, नवजात अतिदक्षता असली की आठ-दहा रुग्णांत महिन्याचा निधी साफ.

म्हणजे खाटांचं बंधन आणि पैशाचं बंधन एकमेकांशी जुळवलेलंच नाही. एक पाळायला गेलं तर दुसरं तोकडं पडतं. मग रुग्णालय स्वस्त आजारांनी खाटा भरतं आणि टक्केवारी पूर्ण दाखवतं.

---

जमाखर्च

गणित बरोबर, पण एक पाऊल पुढे जा. निधीतून पैसे जातात कोणाला? त्याच रुग्णालयाला! सीटीचे ४ हजार निधीला लावले तर ते ४ हजार रुग्णालयाच्या उत्पन्नात जमा. मशीन तसंही उभं आहे, त्या जादा सीटीचा खरा खर्च वीज, फिल्म, थोडा पगार. म्हणजे दोन कोटी ‘गेले’ असं म्हणताना त्यातली मोठी रक्कम घरात परत आलेली असते. खर्‍या अर्थानं बाहेर जातं ते औषधं आणि इम्प्लांटचं खरेदीमूल्य. निधी दरपत्रकानं संपवायचा की प्रत्यक्ष खर्चानं, यावर तो किती रुग्णांना पुरेल ते ठरतं.

---

तिरकीट

डाव्या खिशातून उजव्या खिशात, आणि मधल्या प्रवासाचं नाव दानधर्म.

---

सदाशिव_पेठी

तरी बरं, न्यासाचे खिसे इथलेच आहेत. कॉर्पोरेटचे बघा. पुण्याच्या सह्याद्री हॉस्पिटल्स या रुग्णालय-साखळीचा बहुसंख्य हिस्सा २०२२ मध्ये कॅनडातल्या ऑन्टॅरिओच्या शिक्षकांच्या पेन्शन निधीनं घेतला. २०२५ मध्ये तो मणिपाल या दुसऱ्या साखळीला विकायचा करार झाला आणि मणिपालमध्ये मोठा हिस्सा टेमासेक या सिंगापूरच्या सरकारी गुंतवणूक कंपनीचा. म्हणजे मधली काही वर्षं डेक्कनवर सलाइन लागलं की टोरंटोच्या निवृत्त गुरुजींच्या पेन्शनीत भर पडत होती. यात बेकायदा काही नाही. पण असा निधी पाच-सात वर्षांत जास्त किमतीला विकून बाहेर पडायच्या हिशेबानंच येतो. त्यामुळे व्यवस्थापन बघतं ते दर भरलेल्या खाटेमागचं रोजचं उत्पन्न आणि रुग्ण किती दिवस राहतो ते. खाट लवकर मोकळी, पहिल्या दोन दिवसांत जास्तीत जास्त बिल. कॉर्पोरेट रुग्णालयात डिस्चार्ज चटकन मिळतो त्याचं एक कारण हे.

---

दवाखानेवाला

लवकर डिस्चार्ज वाईट कसा? जंतुसंसर्ग कमी होतो. न्यासाच्या रुग्णालयात शनिवारी दाखल करून सोमवारपर्यंत नुसतं झोपवून ठेवतात, ते बरं का?

---

सदाशिव_पेठी

मान्य. तो मुद्दा मागे घेतो, गुरुजींचा नाही.

---

फोंड्याची_पोर

गोव्याचं वेगळं. बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज हाच मुख्य आधार आणि त्याच्या जोडीला २०१६ पासून दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना: तीन माणसांपर्यंतच्या घराला अडीच लाख, चार किंवा जास्तीच्या घराला चार लाख, गोव्यात पाच वर्षं रहिवास असला की उत्पन्नाची अट नाही. २०१८ पासून बांबोळीत गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लागू झालं तेव्हा सिंधुदुर्गातले लोक हबकले, कारण सावंतवाडी-दोडामार्गला गंभीर काही झालं की गाडी दक्षिणेकडेच वळते. तिकडचा कर भरणारा तिकडचा आणि इथला इथला, हा हिशेब सरकारी रुग्णालयातही सुटत नाही. नफा नाही म्हणून फुकट असं नसतं, कोणीतरी भरत असतंच.

---

निळावंती

‘कोणीतरी भरत असतं’ यावर एक जुनी गोष्ट आठवली. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयानं आसपासच्या गावांत वर्गणी ज्वारीच्या रूपात घेतली. सुगीला रोकड नसते, धान्य असतं, म्हणून ज्वारी. व्यक्तीपुरता विमा काढला तर आजारी माणूसच पुढे येतो आणि योजना बुडते, म्हणून गावातली बहुतेक घरं आली तर गाव आत. विमाशास्त्राची ही पुस्तकी अडचण तिथे कणगीतल्या ज्वारीनं सोडवली होती.

दुसरं टोक मदुराईचं अरविंद नेत्र रुग्णालय. १९७६ मध्ये ११ खाटांनी सुरुवात. पैसे देणाऱ्यांच्या शुल्कातून न देणाऱ्यांच्या शस्त्रक्रिया. हे जमलं कारण त्यांनी खर्च मोडून काढला: एका शल्यविशारदाला दोन टेबलं, एकावर शस्त्रक्रिया चालू असताना दुसऱ्यावर पुढचा रुग्ण तयार, आणि १९९२ पासून ऑरोलॅबमध्ये स्वतःची भिंगं, जी आयात भिंगांच्या किमतीच्या अंशात पडली. दानपेटीवर चालवलं असतं तर एवढं वाढलं नसतं.

---

कासवगती

@निळावंती, अरविंदचं उदाहरण प्रत्येक चर्चेत येतं, पण मोतीबिंदू हा एकाच साच्याचा आजार आहे. दहा-वीस मिनिटांचं काम, त्याच दिवशी घरी. अपघात विभागाला साचा नसतो. श्रीमंताच्या खोलीभाड्यातून गरिबाची खाट चालवायची हे तत्त्व न्यासाच्या साध्या रुग्णालयातही असतंच. म्हणून तर एकाच शस्त्रक्रियेचा दर जनरल वॉर्डात एक आणि डिलक्समध्ये दुसरा असतो. सुरी तीच, हात तोच, दर वर्गानुसार.

---

विमापुराण

वर्गाचा विषय निघालाच आहे तर विमाधारकांचा नेहमीचा खड्डा दाखवतो. पॉलिसी ५ लाखांची, खोलीभाड्याची मर्यादा १ टक्का, म्हणजे रोज ५,०००. रुग्ण ८,००० च्या खोलीत चार दिवस राहिला. लोकांना वाटतं, वरचे तीन-तीन हजार आपण भरू, १२ हजारांत भागेल. तसं होत नाही. खोलीला जे प्रमाण लागतं तेच खोलीच्या वर्गाशी जोडलेल्या सगळ्या आकारांना लागतं.

५,००० भागिले ८,००० म्हणजे ६२.५ टक्के.

खोलीभाडं ३२,०००, मंजूर २०,०००.
शल्यविशारद, भूल, ओटी, परिचर्या, भेटी मिळून १,२०,०००, मंजूर ७५,०००.
औषधं आणि इम्प्लांट ९०,०००, पूर्ण मंजूर.
तपासण्या १८,०००, पूर्ण मंजूर.

बिल २ लाख ६० हजार, मंजुरी २ लाख ३ हजार. खिशातून ५७ हजार. वर हातमोजे, मास्क, डायपर असल्या ‘न देय’ वस्तू. आणि ५,००० च्या वरच्या खोलीवर (अतिदक्षता सोडून) ५ टक्के जीएसटी, रोजचे ४००.

औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही कात्री लावायची नाही असं विमा नियामकानं २०२० पासून ठरवलंय. अतिदक्षतेच्या आकारांनाही नाही. काही टीपीए (विमा कंपनीचे दावे हाताळणाऱ्या संस्था) तरीही लावून बघतात, मंजुरीपत्र ओळ-ओळ वाचा. ज्या रुग्णालयात वर्गानुसार वेगळे दर नसतात तिथेही ही कपात करता येत नाही. यात धर्मादाय की कॉर्पोरेट हा प्रश्नच येत नाही. दाखल होताना ‘माझ्या मर्यादेतली खोली’ एवढं एक वाक्य बोलायचं असतं.

---

तिरकीट

आणि मर्यादेतली खोली नेमकी त्या दिवशी रिकामी नसते.

---

विमापुराण

तेव्हा लेखी घ्या की मर्यादेतली खोली उपलब्ध नव्हती आणि रिकामी होताच हलवा. कपात पूर्ण टळेलच असं नाही, पण दाव्यात भांडायला कागद राहतो. नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसची पहिली मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जची तीन तासांत द्यायची आहे. तीन तासांपुढे थांबावं लागलं आणि त्यामुळे रुग्णालयानं जादा आकार लावला तर तो विमा कंपनीनं सोसायचा. फाइल कंपनीकडे किती वाजता गेली ती वेळ बिलिंगकडून लिहून घ्या. बऱ्याचदा उशीर कंपनीचा नसतो, रुग्णालयाकडून अंतिम बिलच संध्याकाळी जातं.

---

पेणकर

सगळं ज्ञान मिळालं, माझं केशरी कार्ड राहिलं! बायपासवालं घर अजून फाटकापाशीच उभं आहे.

---

मधुमालती

घ्या उत्तर. क्रमानं जा.

पहिलं दार धर्मादायचं नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत ‘राजीव गांधी जीवनदायी’ म्हणून सुरू झाली, २०१७ मध्ये नाव बदललं, आणि १ जुलै २०२४ पासून राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण. उत्पन्नाचा दाखला लागत नाही, शिधापत्रिका आणि फोटोचं ओळखपत्र पुरतं. बायपास यादीत आहे. योजनेत अंगीकृत रुग्णालय न्यासाचं असो, कंपनीचं असो वा सरकारी, पैसे सरकारच्या बाजूनं पॅकेजनं जातात, रुग्णाकडून काही घ्यायचं नाही.

पद्धत: रुग्णालयात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचं, टेबल शोधा, नोंदणी करा. अँजिओग्राफीचा अहवाल आणि सीडी पूर्वमंजुरीला लागते. मंजुरी आल्याशिवाय शस्त्रक्रिया करू नका. पॅकेजमध्ये तपासण्या, औषधं, इम्प्लांट, जेवण आणि डिस्चार्जनंतरची १० दिवसांची औषधं धरलेली असतात.

बिघडतं कुठे? (१) शिधापत्रिकेवरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नाही. लग्नानंतर बदललेली नावं तर हमखास अडकतात. (२) रुग्ण आधी रोख भरून दाखल होतो आणि मग योजना मागतो. (३) ‘आमचं मशीन बंद आहे, रक्त बाहेरून तपासून आणा’. तसं केलंच तर पावती जपा आणि आरोग्यमित्राकडे परतावा मागा, मिळत नसेल तर १५५३८८ वर तक्रार.

---

कासवगती

आणि (४) ‘योजनेची खाट नाही, पण पैसे भरलेत तर उद्या सकाळी करू’. पॅकेजचा दर रुग्णालयाच्या दरपत्रकापेक्षा बराच कमी असतो आणि पैसे उशिरा येतात, त्यामुळे योजनेच्या रुग्णाला रांग लागते. एकाच रुग्णालयावर अडून न बसता तीन-चार ठिकाणी आरोग्यमित्रांना विचारा. नियोजित बायपास आहे, तेवढा वेळ आहे.

---

मधुमालती

बरोबर. दुसरं दार धर्मादायचं. योजनेत न बसणारी शस्त्रक्रिया, किंवा ५ लाख संपले, तर कलम ४१ कक. २ लाख ९० हजार म्हणजे दुर्बल घटक, बिल सवलतीच्या दरानं. समाजसेवा अधीक्षकांना दाखल होण्याआधी भेटायचं. डिस्चार्जच्या दिवशी अंतिम बिल हातात धरून गेलात तर बिल आधीच त्या वर्गाच्या दरानं आणि छापील किमतीनं बनलेलं असतं, ते कोणी मुळापासून पुन्हा करत नाही. जनरल वॉर्डच घ्यायचा. सेमी-प्रायव्हेट घेऊन सवलत मागणं म्हणजे शिवनेरीत बसून लालपरीचं भाडं विचारणं.

तिसरं, दोन्ही जमलं नाही तर मुख्यमंत्री सहायता निधी आणि मोठे खासगी न्यास. त्यांना रुग्णालयाचं सही-शिक्क्याचं खर्चाचं अंदाजपत्रक लागतं, आणि पैसे थेट रुग्णालयाच्या खात्यात जातात. शस्त्रक्रिया होऊन बिल भरून झाल्यावर अर्ज केला तर सहसा काही हाती लागत नाही.

---

सदाशिव_पेठी

एक शंका. केशरी कार्ड म्हणजे वार्षिक उत्पन्न १५ हजार ते १ लाख. पेणकरांच्या घराचं २ लाख ९०. मग हे कार्ड केशरी कसं?

---

तिरकीट

शू! त्या मर्यादा जुन्या आहेत. तेवढ्या उत्पन्नात आता नुसती रिक्षा परवडते, आजार नाही.

---

मधुमालती

शंका थट्टेची वाटली तरी कामाची आहे. धर्मादायसाठी केशरी कार्डावर अवलंबून राहू नका, कार्डावरचं उत्पन्न आणि खरं उत्पन्न यांचा मेळ लागत नाही आणि काउंटरवरचा माणूस नेमका तिथेच बोट ठेवतो. तहसीलदारांचा चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला काढा. शस्त्रक्रियेची तारीख ठरली त्याच दिवशी अर्ज टाका, कारण दाखल्याला सेवा हमीखाली १५ दिवसांची मुदत असते.

---

पेणकर

उद्या शनिवार. तहसील कार्यालय उघडं असेल का?

---

कासवगती

नाही, २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा. ‘आपले सरकार’ या शासनाच्या संकेतस्थळावर आज रात्रीच अर्ज टाका. तलाठ्याचा उत्पन्न अहवाल, आधार, शिधापत्रिका आणि स्वयंघोषणापत्र स्कॅन करून ठेवा. फोटो धूसर असला की अर्ज परत येतो आणि दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजतात.